सतरावा खडा

सुनंदा आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलली, आणि तेही मानेनं. दारात आलेल्या माणसांनी विचारलं, तिनं मान हलवली, झालं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ लागला. पण त्या एवढ्याशा हेलकाव्यावर तिची पुढची आठ वर्षं उभी राहिली.

ते अठ्ठेचाळीस साल होतं. ग्वाल्हेरचं राज्य जाऊन मध्यभारत झाल्याला तीन-चार महिने झाले होते. भाद्रपद चालू होता आणि क्षिप्रा दोन्ही काठ चाटत वाहत होती. उज्जैनच्या राम घाटाच्या खालच्या अंगाहून पलतीराला जाणारी होडी भर पाण्यात उलटली. होडीवाल्या काळूला अक्षर येत नव्हतं. माणसं मोजायची त्याची आपली एक रीत होती. उतारू होडीत चढला की एक खडा काठावरच्या मडक्यात टाकायचा. होडी बुडाल्यावर लोकांनी ते मडकं उपडं केलं. सतरा खडे निघाले. काळूला धरून नव्हे; काळू वाचला, पण चेहरे त्याच्या ध्यानात नव्हते. पाच उतारू पोहून काठाला लागले; ते परगावचे, बरोबर कोण होतं ते त्यांना सांगता आलं नाही. अकरा प्रेतं दोन दिवसांत सापडली. एक खडा उरला.

त्या खड्याला नाव मिळालं जयंत केशव मुळ्ये. सुनंदाचा नवरा. डाकखान्यात कारकून, दर बुधवारी कामासाठी पलीकडच्या गावी जाणारा. त्या बुधवारी दिवेलागणीच्या आधी गल्लीतले वकील भय्यासाहेब चार माणसं घेऊन फ्रीगंजातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दाराशी आले आणि धापा टाकत म्हणाले, "सूनबाई, जयंता आज होडीनं गेला होता का?"

सुनंदाच्या मागे माई, तिची सासू, चौकट धरून उभी. सुनंदाच्या कमरेला खोचलेली चिठ्ठी. सकाळी ती कुंकवाच्या करंड्याखाली सापडली होती. 'माझा जीव इथे रमत नाही. पहाटेच्या गाडीने जातो आहे. शोधू नये. माईला काय ते तूच सांग.' सकाळपासून सुनंदा त्या शेवटच्या ओळीला शब्द शोधत होती. देवासला तिची एक मावशी होती, टाकलेली. सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायची, लग्नकार्यात दाराआड बसायची, आणि तिच्या हातचा गजरा पोरीबाळींना कुणी माळू देत नसे. सुनंदानं मागे माईकडे पाहिलं, पुढे भय्यासाहेबांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

प्रेत मिळालं नाही, म्हणून गुरुजींनी सांगितलं, "बारा वर्षं वाट पाहायची. तोवर कुंकू पुसायचं नाही." मग तर काय, ती गल्लीची देवीच झाली. वटपौर्णिमेला बायका आधी तिची ओटी भरायच्या. नव्या नवरीला तिच्या पाया पडायला आणायच्या. "सावित्री बघायची असेल तर आमच्याकडे या," असं पाहुण्यांना सांगायच्या. सुनंदा मुलींच्या शाळेत शिकवायची, माईला औषध द्यायची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची. चिठ्ठी तिनं घडी घालून करंड्यातच ठेवली होती, मेणाच्या डबीखाली. खरं बोलायला तिला एकच जागा होती, जातं. माईला ऐकू कमी यायचं, वर जात्याची घरघर. तेव्हा सुनंदा पिठासारख्या बारीक आवाजात गायची:

काठावरचा खडा, कोरडा तो कोरडा
खोटं बोले माझा, कुंकवाचा करंडा

आणि पीठ भरून उठताना ओवी जात्यातच ठेवून उठायची.

*

छप्पन्न सालच्या दिवाळीला आठ-दहा दिवस होते. टावर चौकात पणत्यांचे ढीग लागले होते, आणि ढिगांपाशी उभी माणसं राज्याबद्दल बोलत होती. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार, सगळ्या कचेऱ्या भोपाळला जाणार. भय्यासाहेबांनी आठ वर्षं घोळत पडलेलं काम त्या घाईत हाती घेतलं. होडीत गेलेल्यांचा दगड. नदीकाठी, उताराच्या तोंडाशी बसवायचा.

"एकदा कारभार भोपाळला गेला की एका दगडाच्या मंजुरीसाठी चपला झिजतील, माई," ते ओसरीवर बसून मोठ्यानं सांगत होते. "त्यापेक्षा एकतीस तारखेला बसवून टाकू. बात खतम. बारा नावं. जयंताचं सगळ्यात शेवटी, कारण तो... म्हणजे सापडला नाही ना."

माईनं पदर डोळ्यांना लावला. "माझ्या लेकाला मूठभर राख नाही मिळाली हो. मला हात फिरवायला एक जागा तरी होईल."

सुनंदानं चहाचा कप भय्यासाहेबांपुढे ठेवला. 

"एक बारीक गोष्ट आहे," भय्यासाहेब आवाज उतरवून तिला म्हणाले. "तो दगड कोरणारा नाथू सिलावट म्हातारा अडून बसलाय. म्हणतो, ज्याच्या घरात कुंकू आहे त्याचं नाव घरवालीनं येऊन हो म्हटल्याशिवाय कोरणार नाही. त्यांच्यात पाप मानतात. तुम्ही एकदा येऊन मान हलवा, बस."

पुन्हा मान. सुनंदाला वाटलं, कुणीतरी आपल्या मानेवर गार हात ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन ती तांदूळ निवडत बसली होती, तर दारात बांगड्यांची टोपली घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. उंच, वाळलेली, घागऱ्याची किनार विटलेली. सुनंदानं तिला ओळखलं नाही.

"दिवाळी की चूडी पेर लो, बई."

"आमची बांगड्या भरणारी लखारीण वेगळी आहे. ती येऊन गेली."

"पैसा नी लूँगी," बाई म्हणाली आणि विचारायच्या आत उंबऱ्याशी बसली. "म्हारो नाम धापू. लखेरवाडी में रेती हूँ. हाथ लाओ."

तिनं सुनंदाचा हात हातात घेतला, तळवा दाबून अंगठा आत मुडपला. "ढीलो छोड. हाथ ढीलो छोडो तो चूडी टूटे नी." हिरवी बांगडी सरकन मनगटावर आली. दुसरी आली. तिसरी. चौथ्या बांगडीला धापूबाई थांबली.

"नाथू सिलावट म्हारे मोहल्ला में पाणी भरे है. वो बोल्यो, नद्दी वाला पत्थर बणी रियो है. बई, म्हारी गेंदी भी वणीज होडी में थी."



धापूबाई सांगत गेली. गेंदी तिची लेक, सोळा वर्षांची. पलीकडच्या गावात एका लग्नघरी बांगड्या भरायला टोपली घेऊन निघाली होती. आली नाही. धापूबाई तीन दिवस काठावर बसली. लोकांना म्हणाली, माझी पोर होडीत होती. लोकांनी तिला मडक्यातले खडे दाखवले. "सतरा खडे, बाई. पाच वाचले, अकरा सापडले, एक डाकबाबू. पुरे झाले. तुझी पोर यात नाही." मग कुठे आहे? त्याचं उत्तर द्यायला लोकांना वेळ लागला नाही. वयात आलेली पोर, टोपलीसकट नाहीशी. पळाली असेल कुणाबरोबर.

"वणको बाप या बात सुणी-सुणी ने मरी ग्यो. छोटी को सगपण टूटी ग्यो. आठ बरस हुआ, म्हूँ इण फ्रीगंज में टोपली ली ने नी आई. बायराँ हँसती थी." तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, ते आटून गेलं होतं. "थारो धणी भी नी मिल्यो. म्हारी छोरी भी नी मिली. थारा सिवाय कोण समझेगा? वकीलसाब थारी बात सुणेगा, बई. पत्थर पे एक नाम चढवाय दे. म्हारी छोरी भागी नी थी."

चौथी बांगडी चढवताना सुनंदाचा हात आखडला. काच कटकन तुटली, मनगटावर रक्ताचा एक थेंब आला.

"ढीलो नी छोड्यो," धापूबाई म्हणाली, आणि आपल्या पदरानं तो थेंब टिपला.

ती गेल्यावर सुनंदा तिथेच बसून राहिली. लखेरवाडीतली कुणी पोर पळून गेल्याची बातमी तिनं तेव्हा नळावर ऐकली होती, हसणाऱ्या बायकांत ती उभी होती. दोन टोकं तिनं कधी जोडली नाहीत. जोडायची तर ती आधी हातात घ्यावी लागतात. आता एक टोक मनगटात हिरवं वाजत होतं. स्वतःचा नवरा पळाला ते झाकायला तिनं त्याला होडीत बसवलं, आणि होडीत बसलेली एक पोर आठ वर्षं पळालेली ठरली. त्या पोरीच्या आईनं तिला फुकट बांगड्या भरल्या होत्या.

*

माणूस विहिरीत उडी टाकण्याआधी पायरी शोधतो. सुनंदानं शोधली. संध्याकाळी ती भय्यासाहेबांकडे गेली.

"तेरावं एक नाव घालता येईल का दगडावर? त्या लखाऱ्याच्या मुलीचं. गेंदी."

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. "ती धापू तुमच्याकडेही येऊन गेली वाटतं? भोळ्या आहात, सूनबाई. तेरावं नाव कुठून आणू? खडे सतरा. पाच वाचले, बारा गेले. त्या पोरीचं तर सगळ्या उज्जैनला मालूम आहे."

"तिला जाताना कुणी पाहिलं?"

"पाहायला कशाला हवं? होडीची मोजणी पुरी झाली, म्हणजे ती होडीत नव्हती. होडीत नव्हती, म्हणजे पळाली. सीधी बात आहे." मग ते मऊ झाले. "तुमचं मन मोठं आहे, मला ठाऊक आहे. पण दगडावर खोटं कसं कोरायचं? दगड आहे तो, वर्तमानपत्र नाही."

सुनंदा उठली. परतताना टावरच्या घड्याळाखाली दोन बायकांनी तिला वाकून नमस्कार केला. तिला वाटलं, आपल्या या चालत्या पायांखाली कुणाचा तरी गळा आहे.

पुढचे तीन दिवस तिनं स्वतःशी भांडण केलं. खरं सांगितलं तर माईचं काय? म्हातारीचा लेक बुडाला हे दुःख सोसून झालं होतं, त्याच्यावर साय धरली होती. लेक तुला टाकून गेला, हे दुःख कोरं करकरीत तिच्या पदरात घालायचं? आणि स्वतःचं? शाळा, ओटी, नमस्कार, सगळं गळून उरणार ती देवासची मावशी, दाराआडची. गप्प राहिलं तर कुणाचं काय जाणार होतं? एका मेलेल्या पोरीचं. तिसऱ्या दिवशी जात्यावर बसली तर हात फिरेना, पण ओवी आपोआप आली:

लाखेची बांगडी, निखाऱ्यावर वळे
आईची नजर बाई, वाटेवरी जळे

दळण तसंच टाकून ती उठली. करंडा उघडला. मेणाची डबी उचलली.

*

नाथू सिलावटाची जागा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला होती. छपराखाली दगडांची भुकटी, अंगणात लिंबाची सावली, त्या सावलीत स्मारकाचा दगड आडवा टाकलेला. वर बारा नावं गेरूनं लिहिलेली. अकरा कोरून झाली होती, त्यांत भुकटी साचून ती पांढरी दिसत होती. बारावं अजून गेरूचं, ओल्यासारखं तांबडं. तळाशी 'उज्जैन, मध्यभारत'.

"राम राम, बई," म्हातारा नाथू छिन्नी ठेवून उठला. "डूबनेवालों का पत्थर बनाते-बनाते राज ही डूबने लगा. वकीलसाब बोले, नीचे मध्यभारत ही रहने दे. मैं बोला, रहने दो, डूबा तो ये भी है."

"बडबड पुरे, नाथू," भय्यासाहेब हसले. ते टांग्यानं सुनंदाला आणि माईला घेऊन आले होते. माई येणारच म्हणाली होती. ती दगडाशी उकिडवी बसली आणि विचारलं, "कुठलं गं त्याचं?" सुनंदानं तिचं बोट धरून गेरूच्या ओळीवर ठेवलं. म्हातारीचं बोट अक्षरांवरून इतकं हळू फिरलं, जसं तापल्या पोराच्या कपाळावरून फिरावं. सुनंदाला वाटलं, आपल्यानं नाही होणार. आजही मान हलवावी आणि घरी जावं.

नाथूनं छिन्नी उचलली, तिच्याकडे वळला. आवाज खाली आणला. "बई, माथे पे कुंकू है तुम्हारे. मैं इसको मरा हुआ लिख रहा हूँ. हाँ बोलो तो हाथ लगाऊँ."

लिंबाचं एक पिकलं पान दगडावर पडलं.  तिच्या हातातल्या तीन बांगड्या वाजल्या.

"नाही," सुनंदा म्हणाली. मग मोठ्यानं, माईला ऐकू जावं म्हणून, "नाही. हे नाव कोरू नका. हे होडीत नव्हते."

"सूनबाई?"

"त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेले. मला टाकून गेले, भय्यासाहेब. तुम्ही विचारलंत तेव्हा चिठ्ठी माझ्या कमरेला होती. मी खोटी मान हलवली. तो खडा त्यांचा नव्हता. तो गेंदीचा होता."

तिनं चिठ्ठी पुढे केली. कडांना कुंकू लागून ती तांबूस झाली होती. भय्यासाहेबांनी वाचली, पुन्हा वाचली. जयंताचं अक्षर त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, रस्त्यानं कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि चिठ्ठीची घडी घातली.

"आपण असं करू," ते पुटपुटले. "हे इथंच राहू द्या. नाथू आपला माणूस आहे. जयंताचं नाव राहील, तुमची अब्रू राहील. अहो, सगळ्या मराठी मंडळींत तुमचा दाखला देतात! त्या पोरीचं काय, आठ वर्षं गेली, लोक विसरले."

"तिची आई विसरली नाही. तीन दिवसांपूर्वी तिनं मला बांगड्या भरल्या."

माई अजून बसलेलीच होती. बोट गेरूवर. "काय म्हणाली ही?" तिनं विचारलं, पण तिनं ऐकलं होतं. "जिवंत आहे माझा जयंता?"

"ठाऊक नाही, माई. त्या दिवशी होते. नंतर एक अक्षर आलं नाही."

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, पणती लागावी तसं, आणि वाऱ्यानं विझावी तसं लगेच गेलं. "म्हणजे आठ वर्षं..." ती म्हणाली. "दर बुधवारी दिवा सोडला मी. उगाच त्या पाण्याला शिव्या दिल्या गं. ते पाणी बिचारं." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनंदानं आधाराला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. "घरी आलीस की मला हाक मारू नकोस. मला बोलावंसं वाटेल तेव्हा मीच बोलेन."

ती टांग्याकडे चालू लागली. भय्यासाहेब दोघींमध्ये क्षणभर घुटमळले. "दगडाच्या समितीपुढे मी काय सांगू?" ते चिडून म्हणाले.

"खडे सतराच आहेत, असं सांगा," सुनंदा म्हणाली. "मोजणी पुरी होते. समिती बोलवेल तिथं मी येऊन सांगेन. चिठ्ठी तुमच्याकडेच ठेवा."

टांगा गेला. नाथूनं काही न विचारता फडकं पाण्यात बुडवलं आणि बारावी ओळ पुसली. तांबडं पाणी दगडावरून ओघळून धुळीत गेलं. मग त्यानं गेरूची वाटी आणि कुंचला तिच्यापुढे सरकवला. "लिखनेवाला कल आएगा. तुम तो मास्तरनी हो."

सुनंदानं कुंचला घेतला. वर्गात फळ्यावर लिहितात तसं, पोरींना लांबून वाचता यावं इतकं ठळक तिनं लिहिलं: गेंदी, धापूबाई की बेटी.

*

लखेरवाडीत धापूबाई शेगडीपाशी बसून लाख वळत होती. सुनंदाला पाहून तिनं गडबडीनं पाट पुढे केला. "आओ बई, बेठो. वकीलसाब मान्या?"

सुनंदा बसली नाही. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून मानेपर्यंत, एक शब्द न गाळता. धापूबाईच्या हातातली लाख निखाऱ्यावर जास्त तापली, ठिबकली, धुराचा कडवट वास सुटला. शेजारच्या दुकानातली ठोकठोक थांबली होती.

"आठ बरस," धापूबाई म्हणाली.

"हो."

"वणको बाप मरी ग्यो."

"हो."

धापूबाईनं लाखेचा गोळा राखेत टाकला. उठली. पदर खोचला. "पेलां पत्थर बता," ती म्हणाली. "गाली बाद में दूँगी."

ती पुढे, सुनंदा मागे. सगळ्या रस्त्यात तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. पायात काही नव्हतं, टाचा भेगाळलेल्या. नाथूच्या अंगणात ती दगडापाशी जाऊन उभी राहिली आणि अक्षरं येत नसल्यामुळे सगळ्याच नावांकडे बघत राहिली.

"कणी जगे?"

सुनंदानं दाखवलं. धापूबाई खाली बसली. गेरू अजून पुरता वाळला नव्हता. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, तर बोटाला तांबडं लागलं. ती दचकली. "पुँछाय तो नी जायगो?"

"नहीं," नाथू म्हणाला, आणि छिन्नी अक्षरावर टेकवली. "अब नहीं पुँछेगा."

पहिला घाव पडला. दुसरा. दगडाची बारीक भुकटी उडून दोघींच्या पायांवर बसली. धापूबाई गेंदीच्या नावाची दोन अक्षरं पुरी होईपर्यंत बसून होती. मग ती उठली, तोंड पुसलं, आणि सुनंदाकडे वळून तिनं आठ वर्षं साठवलेली पहिली शिवी दिली.

सुनंदा हलली नाही. ती ऐकायला उभी राहिली.